ओलीनं गेलं

"घे, अजून तूट. आता वाटीनं पाणी पाजू का तुले?"

हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. मी बांबूच्या तट्ट्याच्या अलीकडे भिंतीला टेकून पल्लवीला पाजत बसले होते आणि पलीकडे, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून, माझा नवरा धाग्याशी भांडत होता. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे तेव्हा चाल नव्हती. आता घेते, आता कोण रागवणार आहे? केवळराम. भांडखोर माणूस नव्हता तो. माणसांशी बोलताना शब्द जपून वापरायचा, पण धाग्यासमोर त्याची जीभ सुटायची.

"काय म्हणता जी?" मी उगाच विचारलं.

"तुले नाही. तू पाज."

धोटा थांबला. बोटांना थुंकी लावून त्यानं तुटलेली टोकं सांधली असावीत. पायाखालची पावडी दाबल्याचा आवाज आला, दोन ठोके पडले आणि परत 'तट्' झालं. मग त्याने जे काही म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षी फाल्गुनापासूनच हवा अशी कोरडी झाली होती, की धुणं वाळत घालताना दुसरं लुगडं पिळेपर्यंत पहिलं कडक व्हायचं. कणीक मळून हात धुवून यावं तर तिच्यावर साय धरलेली. हसलं तर ओठ फुटायचे. सासरी सारे इतके गप्प का असतात असं माझ्या बहिणीनं विचारलं तेव्हा मी तिला हेच कारण सांगितलं होतं. ती खो खो हसली. तिचे ओठ फुटले नाहीत, तिच्या गावाला तलाव होता.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, पण वैनगंगा तेव्हा काठ सोडून पार मधल्या वाळूत जाऊन बसली होती. आमची गल्ली सगळी विणकरांची. रेशमाला ओल लागते. हवा सुकली की धागा ताठतो आणि फणीचा ठोका सोसत नाही. म्हणून मागाची खोली घराच्या पोटात, दोन पायऱ्या खाली, मातीच्या जमिनीची. उन्हाळ्यात जमिनीवर पाणी शिंपडायचं, खिडकीला ओलं पोतं लावायचं. प्रत्येक घरात हे काम कुणातरी एका बाईकडे असे. आमच्या घरात ते माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे होतं. शकुनबाईंकडे.

शकुनबाईंचं शिंपडणं मी आधी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या वर्षी पाहिलं, कारण दिवसातून कितीतरी वेळा त्या कळशी घेऊन खाली उतरू लागल्या. ओंजळीत पाणी घ्यायच्या आणि बोटांतून सोडायच्या, दाणे पेरावेत तसं. भिंतीपासून सुरू करायच्या, मागाच्या खड्ड्याभोवती यायच्या, खिडकीखाली जायच्या. सगळी जमीन काळी, थंड होई. फक्त मागाच्या डाव्या हाताला, आढ्याच्या एका कडीखाली, परातीएवढा एक गोल कोरडा राही. तिथं त्या एक थेंब पडू देत नसत.

मला वाटलं, चुकून राहिलं. मी पुढे होऊन म्हटलं, "बाई, इथं राह्यलं जी," आणि तांब्यातलं पाणी टाकायला वाकले.

त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. त्यांची बोटं ओली आणि गार होती.

"तिथं नोको," म्हणाल्या. "त्याले थंडी वाजते."

मी वर पाहिलं. कडीला दोरखंडाचे घट्टे पडलेले होते. तिथं कधीतरी पाळणा होता.

मग माझ्या लक्षात आलं, की केवळराम मागावर बसताना त्या गोलावर पाय देत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धाग्याच्या कांड्या भरायला बसतात तेव्हा त्या गोलाला वळसा घालून बसतात. सगळे आपापल्या परीनं त्या जागेला वाट सोडत होते आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. मी त्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. तितके दिवस मी बहुधा त्याच्यावरूनच चालत असणार.

शकुनबाईंना एक मुलगा झाला होता, मी घरात येण्याच्या आधी. रांगायला लागण्याआधीच गेला. हे मला आत्याबाईंनी सांगितलं होतं, मला दिवस गेले तेव्हा, आणि फारच थोडक्यात: "तिनं त्याले मागाजवळ ठेवलं. दिवसभर. ओलीनं गेलं ते." पुढे एक वाक्य जोडलं होतं, "तुह्यं लेकरू त्या खोलीत जाचं नाही." नाव सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. थोरले भाऊजी नागपूरच्या गिरणीत होते. त्यांचं सणावारी येणंही तेव्हापासून कमी झालं होतं म्हणतात.

तेव्हा पल्लवीचा पाळणा वर ओसरीवर. वाऱ्यात, उजेडात, कोरड्या ठणठणीत हवेत. मी सासूच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणाऱ्यांतली नव्हते, पण या शब्दाला डोलावली होती.

चैत्र लागला आणि समोरच्या रेवाबाईंच्या नातीला गोवर आला. गोवर म्हणणारी मी आजची. तेव्हा आम्ही 'बाई आली' म्हणायचो. बाई म्हणजे देवी. तिच्या येण्याच्या रीती ठरलेल्या. दाराला निंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, सुईला हात नाही. आणि आमच्या गल्लीत आणखी एक: जवळच्या घरांतले माग बंद. बाईला खटखट सोसत नाही. जन्मल्यापासून त्या आवाजातच झोपलेल्या गल्लीत एकदम अशी शांतता झाली, की पल्लवी दचकून रडायला लागली.

केवळरामानं धोटा ठेवून दिला. "बरं झालं," म्हणाला, "तसंही तुटूनच राहिलं होतं."

माग बंद झाला की शिंपडायचं काम नसतं. शकुनबाई मात्र कळशी घेऊन उतरतच राहिल्या.

"आता कायले वो?" आत्याबाईंनी वरून विचारलं.

"मागावरचा ताणा सुकन."

"सुकू दे."

खालून पाण्याचे थेंब पडल्याचा आवाज तेवढा आला.

दुसरी रीत ओटीची. ज्या लेकराच्या अंगात बाई आली, ते लेकरू म्हणजे देवी. त्याला पाटावर बसवायचं, बायकांनी ओटी घेऊन जायचं. आणि ज्या तान्ह्या लेकरांना बाई अजून आलेली नाही त्यांना त्याच्या मांडीवर क्षणभर ठेवायचं. बाईची ओळख होते, पुढे ती सोपी येते, असं मानायचे. आमच्या गल्लीत या सगळ्याची पुढारी कोण, हे मला बाहेरून कळलं होतं. कुणाच्याही घरी बाई आली की दुर्पताबाई आधी. नारळ त्यांच्या हाताचा, पहिली आरती त्यांची. दुर्पताबाई म्हणजे आत्याबाई.

रेवाबाई बोलवायला आल्या. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "दुर्पता, चाल. पोरगी पाटावर बसली. आन सुनेच्या पोट्टीले घे."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माह्याकडून ओटी घेऊन जाय. कला, ओटीचं देऊन दे त्यांले."

"अवो, तू नाही येत?"

"गुडघा दुखते."

सकाळीच त्या नदीवर जाऊन आल्या होत्या, डोक्यावर घागर घेऊन. मी ओटीचं ताट भरायला उठले. रेवाबाईंनी उंबऱ्यावरची धूळ पायानं सारली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या, पण दोघींचं सगळं लक्ष एकमेकींकडे होतं.

"तेव्हापासून एकदाही नाही आली कोणाच्या घरी," रेवाबाई हळूच म्हणाल्या. "बाई रुसन अशानं."

"रुसू दे."

देवीबद्दल असं बोललेलं मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. रेवाबाईंनी कानाला हात लावला, ताट घेतलं आणि गेल्या. आत्याबाईंच्या बोटांखालचे तांदूळ निवडलेलेच होते. त्या पुन्हा निवडत राहिल्या.

त्या दिवशी दुपारी आत्याबाई नदीवर गेल्या तेव्हा रेवाबाई परत आल्या. या वेळी सरळ ओसरीवर आल्या आणि पल्लवीच्या पाळण्याला झोका देत बसल्या. माझ्याशी फार मायेनं बोलल्या. "तुह्यी सासू म्हातारी झाली. तू शिकली-सवरली." (मी सातवी झाले होते. पुढचं सगळं मी पुड्या बांधून आलेल्या कागदांवरून शिकले.) "लेकराच्या जिवाचं तुले पाह्यचं आहे. गल्लीतल्या साऱ्या लेकरांले बाईनं मांडीवर घेतलं. तुहीच तेवढी राह्यली. पुढं जड आली म्हणजे?"

पहिल्या लेकराची आई सगळ्यांचं ऐकते आणि कोणाचंच नाही. मी पल्लवीचं तोंड पुसलं, झबलं बदललं, कपाळाला काजळाचा ठिपका लावला. कडेवर घेऊन रस्त्यात उतरले. रेवाबाईंच्या दाराचा निंब आणि आमचा उंबरा यांच्यात जेमतेम बैलगाडी जाईल एवढीच वाट होती. पलीकडच्या ओसरीवर पोरगी पाटावर बसलेली दिसत होती. लाल डोळे, तोंडभर पुरळ, डोक्यावर पदर. खोकत होती. खोकली की बायका हात जोडायच्या.

वाट अर्धी झाली आणि मागे काहीतरी फुटलं.

वळून पाहिलं तर आत्याबाई. मातीची घागर पायाशी फुटलेली, पाणी धुळीत जिरूनही गेलेलं. त्या धावत आल्या. ते दुखरे गुडघे! माझ्या कडेवरून त्यांनी पल्लवीला अशी ओढून घेतली की ती कळवळली.

"कुठं चालली?"

"मांडीवर ठेवाले. रेवाबाई म्हणे..."

"त्या घरी जाचं नाही."

"काहून जी? तुम्हीच तं साऱ्यांले नेत होत्या म्हणते."

त्यांचं तोंड मी कधी तसं पाहिलं नव्हतं. मला वाटलं मारतात. पण त्या फक्त म्हणाल्या, "नाही म्हटलं न, कला," आणि पल्लवीला छातीशी धरून घरात शिरल्या. समोर रेवाबाईंच्या ओसरीवर सगळ्या बायका उभ्या राहून पाहत होत्या. मी वाटेच्या मध्ये एकटीच. लाज इतकी वाटली की मी खापऱ्या गोळा करायला बसले. जणू त्याचसाठी बाहेर आले होते.

आमच्या उंबऱ्याआड शकुनबाई उभ्या होत्या. हातात रिकामी कळशी. त्या पाहत होत्या ते माझ्याकडे नाही, आत्याबाईंकडे.

त्यानंतर घर जास्तच गप्प झालं. माग बंद, बोलणं बंद. वारा तेवढा ओसरीवरून सळसळत जायचा आणि सगळ्या वस्तू कुरकुरायच्या. सूप, खाट, दाराची फळी, सगळं सुकून आकसत होतं. दिवसाउजेडी मला त्या घराची भीती वाटायला लागली. दुपारी सगळे कलंडले की खालून शकुनबाईंचं शिंपडणं ऐकू यायचं, आणि मधूनच त्यांचा बारीक आवाज: "झालं, झालं. आता बरं वाटन हां." कोणाला म्हणत होत्या ते मला माहीत होतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं.

एका दुपारी माझा डोळा लागला. जाग आली ती शांततेनं. पाळणा हलत नव्हता. त्यात पल्लवी नव्हती.

मी हाक मारली नाही. पाय आपोआप तिकडेच वळले. दोन पायऱ्या उतरले तर अंधार आणि गारवा एकदमच अंगावर आला. डोळे सरावले तेव्हा दिसलं. खिडकीला ओलं पोतं, जमीन काळी भिजलेली, आणि मागाच्या डाव्या हाताला त्या कोरड्या गोलात शकुनबाई मांडी घालून बसलेल्या. मांडीवर पल्लवी, गाढ झोपलेली. शकुनबाईंचा एक हात तिच्या छातीवर होता, आणि तो हात श्वासाबरोबर वरखाली होत होता.

"वर लय सुकं आहे," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता, कुजबुजत, लेकरू उठू नये म्हणून. "खोकला समोरून येते. वाऱ्यावर. मले ऐकू येते. इथं नाही येत."

मी पल्लवीला उचललं. ती गार होती. म्हणजे थंड नव्हे, ओसरीवर तिचं अंग कायम तापलेलं लागायचं तसं नव्हतं. घाम नव्हता, चिडचिड नव्हती. त्या गोलात तिनं सुखाची झोप घेतली होती हे मला तिथंच कळलं. तरी मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही.

आत्याबाई पायऱ्यांवर येऊन थांबल्या. खाली उतरल्या नाहीत. "त्या ओलीत नेली?" त्यांचा आवाज चिरकला. "एक नेलं तेवढं पुरलं नाही का तुले?"

शकुनबाई उठल्या. लुगड्याचा मागचा भाग झटकला. तिथं माती लागली नव्हती, कोरडंच होतं. केवळराम दारात आला होता. तो आईकडे पाहत होता, मग जमिनीकडे. "माय," एवढंच म्हणाला. तसा आवाज त्यानं आईपुढे कधी काढला नव्हता. आत्याबाईंनी पाठ फिरवली.

मी त्याला रात्री विचारलं, "तुम्ही असं काहून म्हटलं आईले?"

"कसं?"

"असं."

"झोप," तो म्हणाला. आणि स्वतः झोपला नाही.

दोन दिवसांनी पल्लवीला ताप आला.

ते कसं होतं ते सांगता येत नाही. ज्यांनी तसं लेकरू मांडीवर घेतलंय त्यांना सांगायची गरज नाही. अंग तापलेलं, ओठ पांढरे, रडताना डोळ्यांत पाणी नाही. मी दर थोड्या वेळानं तिची छाती, पाठ, कानामागे उघडून पाहत होते, पुरळ दिसतंय का म्हणून. आत्याबाईंनी तेव्हा देवाचा दिवासुद्धा लावला नाही. खांबाला टेकून नुसत्या बसून राहिल्या. आणि पुटपुटत होत्या, "ओलीनं. त्या ओलीनंच."

शकुनबाई खाली होत्या. शिंपडणं ऐकू येत नव्हतं.

तोवर गल्लीत आणखी लेकरं आजारी पडली होती, आणि कुणीतरी तालुक्याला कळवलं होतं. त्या दुपारी जीप आली. लस टोचायला एक नर्सबाई आणि डॉक्टर भोयर म्हणून तरुण पोरगा. शर्ट घामानं भिजण्याआधीच सुकत होता त्याचा. केवळराम त्याला अक्षरशः हात धरून आमच्याकडे घेऊन आला.

डॉक्टरनं पल्लवीचं तोंड उघडून गालाच्या आतून बॅटरीनं पाहिलं. दोन्ही बाजूंनी. छाती ऐकली. चिमटीत पोटाची कातडी धरून सोडली.

"गोवर असता तर आत पांढरे ठिपके असते. नाहीत. हिच्या अंगातलं पाणी कमी पडलंय. ही हवा बघा ना. मोठी माणसं सुकून चालली आहेत, ही तर केवढीशी! पाजत राहा, सारखं पाजा. साखर-मीठ-पाणी चमच्याने द्या." मग पाळण्याकडे, समोरच्या निंबाच्या डहाळ्याकडे पाहिलं. "इथं झोपवता हिला? या ओसरीवर?"

"इथंच," मी म्हटलं.

"समोर गोवर आहे. दुसरी खोली नाही का? आतली, बंद, जरा थंड?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. शेवटी केवळरामानं मागाची खोली दाखवली. डॉक्टर दोन पायऱ्या उतरला आणि 'अरे वा' म्हणाला, पाहुण्यानं पंख्याखाली बसल्यावर म्हणावं तसं. शकुनबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

"हे पाणी कोण मारतं?"

"मी," शकुनबाई म्हणाल्या.

"चांगलं आहे. हिला इथंच ठेवा."

आत्याबाई पायरीवर होत्या. "त्या ओलीत?" त्या म्हणाल्या. "ओलीनं बाई जड होते. एक लेकरू गेलं आहे आमचं. ओलीनं."

डॉक्टर चांगला होता. हसला नाही. तिथंच पायरीवर आत्याबाईंच्या शेजारी बसला. "आई, ओलीनं गोवर होत नाही. उलटं आहे. आजारी माणूस खोकला की थेंब उडतात. हवा अशी कोरडी असली की थेंब सुकतो, हलका होतो आणि तरंगत राहतो. त्याच्यातला विषाणू अशा सुक्या हवेत जास्त वेळ तग धरतो. दमट हवेत लवकर मरतो. म्हणून हा रोग फाल्गुन-चैत्रात फार. पावसाळा लागला की आपोआप कमी होतो. आता, ओल म्हणजे काही औषध नव्हे. खरा इलाज दूर ठेवणं आणि लस. हिला लस अजून देता येत नाही, नऊ महिने व्हायचे आहेत. तेवढे दिवस तिला कुणाच्या खोकल्याजवळ नेऊ नका, म्हणजे झालं."

"ओलीनं नाही होत?" हा प्रश्न शकुनबाईंनी विचारला.

"नाही."

"त्याले पुरळ आलं होतं. पहिलं पुरळ, मंग छाती भरली."

"तुमचं बाळ?"

त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे गोवरच. छाती गोवरानंच भरते. तुम्ही त्याला ओलीत ठेवलं म्हणून नाही भरली." डॉक्टर सावकाश बोलत होता. आपण कुठं हात घातलाय हे त्याला थोडंसं कळलं असावं. "घरात तेव्हा आणखी कुणाला होता?"

"घरात कोणालेच नाही."

"मग बाहेर नेलं असेल कुठं. गोवर असलेल्या घरी."

"मी नाही नेलं," शकुनबाई म्हणाल्या. "मी त्याले उंबऱ्याबाहेरही नेत नव्हतो. इथंच असे. इथं." त्यांनी वर कडीकडे बोट केलं. मग बोट तसंच राहिलं.

बाहेरून नर्सबाईंनी हाक मारली. डॉक्टर उठला, पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला, उद्या येतो म्हणाला आणि गेला. (पल्लवीला त्या वर्षी गोवर झाला नाही. ओलीमुळे नाही झाला, नेलं नाही म्हणून नाही झाला, की नुसताच नाही झाला, मला सांगता येणार नाही. आज ती स्वतःच्या लेकराला लस टोचून आणते आणि मला फोनवर त्याचं रडणं ऐकवते.)

जीप पुढच्या घराकडे सरकल्याचा आवाज आला. आम्ही चौघंही जिथं होतो तिथंच. मी पायरीखाली, लेकरू कडेवर. केवळराम मागाला धरून. त्याची नजर ताणलेल्या धाग्यांवर होती आणि मला दिसलं, की त्याला माहीत आहे. मग एकेक करून सगळं दिसत गेलं. रेवाबाईंना माहीत होतं. त्या दिवशी ओसरीवर उभ्या राहून पाहणाऱ्या सगळ्या बायकांना माहीत होतं. त्यांच्यापैकी निम्म्या तेव्हा तिथं हजर असतील, ओटी घेऊन. साऱ्या गल्लीनं एवढी वर्षं ते एका बाईपासून सांभाळून ठेवलं होतं, आणि ती बाई रोज जमिनीवर पाणी पेरत होती.

आत्याबाई पायऱ्या उतरल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना शकुनबाईंच्या इतक्या जवळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे हात केले. काय करायचं ते न कळूनही मी पल्लवीला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ती शकुनबाईंच्या हातात ठेवली. ठेवून हात मागे घेतले नाहीत. दोघींचे हात लेकराखाली एकावर एक होते.

"शकुन," त्या म्हणाल्या.

शकुनबाईंनी वर पाहिलं.

"मनोहर ओलीनं नाही गेला. तू त्या दिवशी धुणं घेऊन नदीवर गेली होती. तो झोपला होता. मी नेला त्याले. मी बाई आलेल्या पोरीच्या मांडीवर ठेवला."